जखमीला कोठे न्यावे? ट्रॉमा सेंटरचा निर्णय घटनास्थळी कसा घ्यावा

रुग्णवाहिकेवर नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरांना आणि तंत्रज्ञांना सुरुवातीच्या आठवड्यांत भीती वाटते ती हातून करायच्या उपचारांची: शीर सापडेल का, श्वासनलिकेत नळी घालता येईल का. या गोष्टी सरावाने येतात. गाडीचे तोंड कोणत्या दिशेला वळवायचे, हा निर्णय मात्र पहिल्याच दिवशी घ्यावा लागतो आणि तो चुकला तर पुढचे चांगले उपचारही उशिरा पडतात. पोटात रक्तस्राव होत असलेला जखमी सर्वांत जवळच्या ग्रामीण रुग्णालयात नेला, तेथे शल्यचिकित्सक नाही म्हणून मलमपट्टी करून चिठ्ठी लिहिली गेली, दुसऱ्या गाडीची वाट पाहिली गेली आणि जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचेपर्यंत तीन तास उलटले, ही हकीकत ग्रामीण भागात काम केलेल्या प्रत्येकाने जवळून पाहिलेली आहे. यात हलगर्जीपणा कोणाचाच नसतो. पहिला निर्णय केवळ अंतर पाहून घेतलेला असतो. म्हणून घटनास्थळी स्वतःला विचारायचा प्रश्न असा ठेवावा: या माणसाला पुढच्या तासाभरात कशाची गरज पडणार आहे आणि ती भागवणारे सर्वांत जवळचे ठिकाण कोणते?

या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स या संस्थेने १९८० च्या दशकात निकष तयार केले आणि ते वेळोवेळी सुधारले. सध्याची आवृत्ती २०२१ ची असून तिच्यात निकषांचे दोन गट आहेत. लाल गटातला एकही निकष लागू झाला तर गंभीर इजेचा धोका मोठा मानावा आणि आवाक्यातल्या सर्वांत सुसज्ज ट्रॉमा सेंटरकडे, म्हणजे गंभीर जखमींच्या उपचारांची खास सोय असलेल्या रुग्णालयाकडे, निघावे. पिवळ्या गटातला निकष लागू झाला तर ट्रॉमा सेंटरला प्राधान्य द्यावे, मात्र ते सर्वोच्च दर्जाचेच असावे असा आग्रह नाही. या सगळ्या खटाटोपामागे आधार आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात, ट्रॉमा सेंटरमध्ये उपचार झालेल्या गंभीर जखमींचा वर्षभरातला मृत्यूचा धोका इतर रुग्णालयांतल्या तशाच जखमींपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी कमी आढळला होता.

हे निकष तयार झाले ते तिथल्या रस्त्यांसाठी आणि तिथल्या रुग्णालयांसाठी. शरीर सगळीकडे सारखेच असल्यामुळे शारीरिक निकष आपल्याकडे जसेच्या तसे चालतात; रुग्णालयांचे चित्र मात्र आपले आपणच काढावे लागते. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांसह सुरू झाली आणि त्यांपैकी २३३ गाड्या प्रगत जीवरक्षक प्रकारच्या होत्या. केंद्र सरकारच्या वर्गवारीनुसार ट्रॉमा केंद्रांचे स्तर ठरलेले आहेत: तिसऱ्या स्तरावर प्राथमिक तपासणी आणि स्थिरीकरण, दुसऱ्या स्तरावर बहुतेक शस्त्रक्रिया, पहिल्या स्तरावर सर्व विशेष शाखा. कागदावरचा स्तर आणि रात्री दोन वाजताची स्थिती यांत फरक असू शकतो, आणि म्हणूनच कामाची सुरुवात अपघाताच्या आधी होते.

कामावर येताच करायची यादी

आपल्या क्षेत्रातल्या प्रत्येक रुग्णालयासाठी एक ओळ लिहावी. चोवीस तास शल्यचिकित्सक आणि भूलतज्ज्ञ मिळतात का, सीटी स्कॅन रात्री चालू असते का, रक्तपेढी आहे की केवळ रक्तसाठवणूक केंद्र, मेंदूची शस्त्रक्रिया होते का, व्हेंटिलेटर आहे का, लहान मुलांची आणि बाळंतपणाची सोय आहे का, एवढ्या गोष्टी त्या ओळीत असाव्यात. ही माहिती फलक पाहून भरू नये, कारण ‘ट्रॉमा केअर’ अशी पाटी लावायला न्यूरोसर्जन लागत नाही. प्रत्यक्ष जाऊन आपत्कालीन विभागातल्या सिस्टरांना आणि निवासी डॉक्टरांना विचारावे. कोणते उपकरण गेले दोन महिने बंद आहे, हे त्यांच्याइतके अचूक कोणीच सांगत नाही. शेजारी प्रवासाला लागणारा वेळ लिहावा, तोही किलोमीटरांत न लिहिता मिनिटांत आणि दिवसाचा, रात्रीचा, पावसाळ्यातला वेगवेगळा. घाटात दरड कोसळण्याच्या दिवसांत किंवा आठवडी बाजाराच्या दिवशी तेच २० किलोमीटर दुप्पट वेळ घेतात. हा कागद गाडीत चिकटवावा आणि दर महिन्याला तपासावा.

पहिले मिनिट

जागा सुरक्षित असल्याची खात्री करून जखमीजवळ पोहोचल्यावर आधी वाहते रक्त थांबवावे आणि श्वासमार्ग मोकळा करावा. हात किंवा पाय यांतून जोराने रक्त वाहत असेल आणि दाबून थांबत नसेल तर जखमेच्या दोन ते तीन इंच वर, सांध्यावर येणार नाही अशा बेताने टूर्निके (रक्तप्रवाह रोखणारा पट्टा) आवळावे आणि वेळ लिहून ठेवावी. काखेत, जांघेत किंवा मानेच्या बुडाशी जखम असेल तर टूर्निके लागत नाही. तेथे कापड आत भरून सतत दाब ठेवावा. या दोहोंपैकी कशाचीही गरज पडली, तर लाल गटाचा निकष तेथेच पूर्ण झाला. ठिकाण ठरले, आता उरलेली तपासणी केवळ उपचारांसाठी करायची आहे, हे लक्षात ठेवावे.

शरीर काय सांगते

कपडे बाजूला करून डोक्यापासून पायापर्यंत पाहावे. रस्त्यावर गर्दी असते, जखमी स्त्री असेल तर संकोच असतो. अशा वेळी चादर धरून आडोसा करावा, पण न पाहता पुढे जाऊ नये. डोके, मान, छाती, पोट, पाठ आणि कोपराच्या किंवा गुडघ्याच्या वरचा भाग यांत आत घुसलेली जखम, मग ती चाकूची असो, बैलाच्या शिंगाची असो वा लोखंडी सळईची, लाल गटात मोडते. घुसलेली वस्तू उपसून काढू नये. कवटी दबलेली किंवा फुटल्याचा संशय, छातीचा एखादा भाग श्वास घेताना उलट आत ओढला जाणे, मांडीचे किंवा दंडाचे मिळून दोन किंवा अधिक मोठ्या हाडांचे मोडणे, मनगटाच्या किंवा घोट्याच्या वर अवयव तुटणे, चिरडलेला, कातडी सोलवटून निघालेला किंवा नाडी न लागणारा हातपाय, आणि मणक्याच्या इजेनंतर नव्याने आलेला बधिरपणा किंवा लुळेपणा ही उरलेली चिन्हे आहेत. सुगीच्या दिवसांत मळणी यंत्रात आणि उसाच्या चरकात हात सापडतात. तो जखमी शुद्धीवर असतो, बोलत असतो, आणि म्हणून जवळच्या दवाखान्यात टाके घालायला नेला जातो. त्याला खरी गरज असते ती रक्तवाहिन्या जोडू शकणाऱ्या पथकाची.

पेल्व्हिस, म्हणजे कमरेखालचा हाडांचा कडा, यासंबंधी दोन शब्द अधिक लिहितो, कारण तो निसटतो. या कड्याचे हाड मोडले की रक्त बाहेर दिसत नाही आणि आतल्या आत लिटरभराहून अधिक साठू शकते. जोरदार आघात, कमरेत किंवा जांघेत वेदना, एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसणे, एवढ्यावर संशय घ्यावा. कडा पुन्हा पुन्हा दाबून, हलवून पाहण्याची जुनी सवय सोडून द्यावी, कारण त्यामुळे जमलेली गुठळी सुटते. पट्टा नसेल तर घडी केलेली चादर बांधावी. ती पोटावर न बांधता मांडीच्या हाडाचा उंचवटा बाहेरून हाताला लागतो त्या पातळीवर आवळावी. मी पाहिलेल्या बांधण्यांपैकी बऱ्याच जरुरीपेक्षा वर, नेसण्याच्या जागी बांधलेल्या होत्या.

आकडे आणि शुद्ध

शुद्ध तपासण्यासाठी संपूर्ण ग्लासगो मोजमाप (शुद्धीला गुण देण्याची पद्धत) करत बसण्याची आवश्यकता नाही. जखमी साधी आज्ञा पाळतो की नाही, एवढेच पाहावे. ‘बोट धरा’ असे सांगू नये, कारण बेशुद्ध माणूसही तळहातात आलेले बोट आपोआप धरतो. ‘दोन बोटे दाखवा’ किंवा ‘जीभ बाहेर काढा’ असे सांगावे. आज्ञा पाळता आली नाही तर तो लाल निकष आहे. मात्र निष्कर्ष काढण्याआधी जखमीची भाषा विचारात घ्यावी. महामार्गावरचा ट्रकचालक पंजाबचा असू शकतो, वीटभट्टीवरचा कामगार ओडिशाचा. आपली मराठी त्याला कळली नाही म्हणून तो बेशुद्ध ठरत नाही. हिंदीत विचारावे, खुणेने दाखवावे. याच्या उलट चूक अधिक घातक आहे. तोंडाला दारूचा वास येतो म्हणून गुंगी दारूचीच आहे असे घटनास्थळी कधीही ठरवू नये.

श्वासाची गती मिनिटाला १० पेक्षा कमी किंवा २९ पेक्षा जास्त असणे, श्वासासाठी धडपड चालू असणे किंवा श्वासाला आधार द्यावा लागणे, आणि ऑक्सिजन न लावता पल्स ऑक्सिमीटरवर ९० टक्क्यांपेक्षा कमी आकडा येणे हे सर्व वयांसाठी लाल निकष आहेत. बोटे थंड असतील तर यंत्र चुकते, तेव्हा कानाच्या पाळीवर पाहावे. आकड्यासाठी ऑक्सिजन लावायचे थांबू मात्र नये.

रक्तदाबाचा निकष वयानुसार बदलतो. १० ते ६४ वर्षांच्या जखमीत वरचा रक्तदाब ९० च्या खाली असेल तर तो लाल. ६५ आणि त्यापुढच्या वयात हीच मर्यादा ११० आहे, कारण ज्यांचा रक्तदाब एरवी १५० असतो त्यांच्यासाठी १०८ हा आकडा घसरणीचा आहे. ९ वर्षांपर्यंतच्या मुलात वयाच्या दुपटीत ७० मिळवावेत: पाच वर्षांच्या मुलासाठी ८०. मुलांचा रक्तदाब शेवटपर्यंत टिकतो आणि मग एकदम कोसळतो, म्हणून आकडा बरा असतानाही हातपाय गार पडले असतील तर वाट पाहू नये.

१० वर्षांपुढच्या सर्वांसाठी आणखी एक सोपा नियम २०२१ च्या आवृत्तीत आला आणि माझ्या मते नवख्या व्यक्तीने सर्वांत आधी हाच पाठ करावा: नाडीचा आकडा वरच्या रक्तदाबाच्या आकड्यापेक्षा मोठा असेल तर तो लाल. काही वर्षांपूर्वी दुचाकी घसरून पडलेला एक तरुण आम्हाला रस्त्याच्या कडेला उभा असलेला आढळला होता. खरचटण्यापलीकडे जखम नव्हती आणि ‘मला घरी सोडा’ असे तो सांगत होता. रक्तदाब १०४ होता, एकट्याने पाहिला तर चालण्याजोगा. नाडी १२४ होती. आम्ही त्याला घेऊन निघालो आणि वाटेतच तो पांढराफटक पडला. त्याची प्लीहा फाटलेली होती. पहिला आकडा तेवढा पाहिला असता, तर तो घरी पोहोचला असता.

काय घडले

लाल गटातले काहीच आढळले नाही तर घटनेकडे वळावे. येथून पिवळा गट सुरू होतो. वाहनातून पूर्ण किंवा अर्धवट बाहेर फेकले जाणे, त्याच गाडीत दुसऱ्या कोणाचा मृत्यू झालेला असणे, पत्रा कापून जखमीला बाहेर काढावे लागणे, लहान मूल पट्ट्याविना मांडीवर बसलेले असणे, हे महत्त्वाचे आहे. गाडीचा पत्रा बसण्याच्या जागी एक फुटाहून अधिक किंवा अन्यत्र १८ इंचांहून अधिक आत आला असेल तर तोही निकष आहे. १८ इंच म्हणजे आपला जुना एक हात, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, त्यामुळे मोजायला टेप लागत नाही. गाडीचे एखादे छायाचित्र काढून रुग्णालयातल्या डॉक्टरांना दाखवावे, कारण त्यांना रस्ता दिसलेला नसतो. ते छायाचित्र व्हॉट्सअ‍ॅपवर कोणत्याही गटात टाकू नये. जखमीच्या घरच्यांना बातमी तशी कळू नये.

आपल्या रस्त्यांवर सर्वाधिक काम पडते ते दुचाकीचे. वाहनापासून दूर फेकला गेलेला चालक, वाहनाने उडवलेला किंवा चाकाखाली आलेला पादचारी किंवा सायकलस्वार हे पिवळ्या गटात येतात. मागे एका बाजूला पाय टाकून बसलेल्या स्त्रीचा पदर किंवा ओढणी चाकात अडकली की ती मागच्या मागे डोक्यावर आपटते. वेग थोडा असला तरी ही पडझड साधी समजू नये. गळीत हंगामात रात्री दिव्याविना उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळलेल्या स्वाराचा आघात थेट चेहऱ्यावर, मानेवर आणि छातीवर असतो.

उंचीवरून पडण्याची मर्यादा आता सर्व वयांसाठी १० फूट आहे. आधीच्या आवृत्तीत ती प्रौढांसाठी २० फूट होती. १० फूट म्हणजे साधारण घराचा एक मजला. कोकणात आणि गोव्यात माडावरून किंवा पोफळीवरून पडलेला, देशावर कोरड्या विहिरीत पडलेला, दहीहंडीत वरच्या थरावरून कोसळलेला गोविंदा, हे सगळे यात येतात. पडलेल्याखाली माणसे होती किंवा चिखल होता, म्हणून सूट देऊ नये.

जखमी कोण आहे

काही जखमींमध्ये घटना किरकोळ असते, तरीही धोका मोठा असतो. न्हाणीघरात घसरून डोके आपटलेल्या पासष्टीपुढच्या आजी आणि पाळण्यातून डोक्यावर पडलेले पाच वर्षांपर्यंतचे मूल यांचा पिवळ्या गटात वेगळा उल्लेख आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या व्यक्तीत मेंदूभोवतीचा रक्तस्राव हळूहळू वाढत जातो. ‘रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?’ या प्रश्नाला घरचे बहुधा ‘माहीत नाही’ म्हणतात. त्याऐवजी ‘आजींच्या गोळ्यांची पिशवी आणा’ असे सांगावे. हृदयाची झडप बदललेली आहे का किंवा स्टेंट बसवला आहे का, हेही विचारावे. २० आठवड्यांपुढची गर्भवती बरी दिसत असली तरी प्रसूतीची आणि शस्त्रक्रियेची, अशा दोन्ही सोयी असलेल्या ठिकाणी न्यावी, आणि तिला डाव्या कुशीकडे किंचित कलते ठेवावे, म्हणजे गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडत नाही. भाजणे आणि मार लागणे एकत्र असेल, किंवा मुलाच्या जखमा सांगितलेल्या हकिकतीशी जुळत नसतील, तरी ट्रॉमा सेंटर निवडावे. याउपर काहीच लागू होत नाही, पण आपल्या मनाला पटत नाही, असेही होते. त्या शंकेलाही या निकषांनी जागा दिलेली आहे.

गाडी वळवताना

तपासणी आणि निर्णय मिळून घटनास्थळी १० मिनिटांहून अधिक काळ जाऊ नये. अडकलेल्या जखमीचा अपवाद. सलाईन धावत्या गाडीत लावता येते. मोठा रक्तस्राव असेल आणि आपल्या नियमावलीत परवानगी असेल तर ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिड या रक्तस्राव कमी करणाऱ्या औषधाची १ ग्रॅम मात्रा १० मिनिटांत द्यावी. इजेनंतर तीन तासांच्या आत दिली तरच तिचा लाभ होतो.

जवळचे रुग्णालय ओलांडून पुढे जाण्याला अपवाद आहेत. श्वासमार्ग आपल्याला राखता येत नाही, रक्त काही केल्या थांबत नाही किंवा हृदय बंद पडले आहे, अशा वेळी सर्वांत जवळच्या डॉक्टरांकडेच जावे. ट्रॉमा सेंटर दीड-दोन तासांवर असेल तर वाटेतल्या रुग्णालयात थांबणे योग्य ठरते, पण कशासाठी थांबायचे ते ठरवून थांबावे: छातीतली हवा काढण्यासाठी, श्वासनलिकेत नळी घालण्यासाठी, रक्त चढवण्यासाठी. ज्याच्यामुळे तेथे काहीच बदलणार नाही, अशा एक्स-रेसाठी थांबू नये. थांबल्या क्षणीच नियंत्रण कक्षाला पुढच्या प्रवासाची कल्पना द्यावी, आणि आपली गाडी साधी असेल तर प्रगत गाडी अर्ध्या वाटेत भेटेल का, हे विचारावे.

नातेवाइकांचा आग्रह हा सर्वांत अवघड भाग आहे. ‘आमच्या ओळखीचा दवाखाना इथेच आहे’ असे कोणी म्हटले की वाद घालू नये. ‘काका, यांच्या पोटात रक्त साठत असावे, त्यासाठी रात्री ऑपरेशन करणारे डॉक्टर आणि रक्त लागेल, ते तिथे आहे, इथे नाही’ एवढे एका वाक्यात सांगावे. बहुतेक लोक ऐकतात, कारण त्यांनाही माणूस वाचवायचा असतो. खर्चाची भीती असेल तर २०२५ च्या केंद्रीय योजनेची माहिती द्यावी: रस्ते अपघातातल्या जखमीला नियुक्त रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख न भरता मिळतात, आणि नियुक्त नसलेल्या रुग्णालयात केवळ स्थिरीकरणापुरते मिळतात. आपल्या यादीत हा रकानाही असावा. पोलिसांच्या कागदपत्रांसाठी उपचार अडवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केले आहे. जखमीला मदत करणाऱ्या वाटसरूंना मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ चे संरक्षण आहे, तेव्हा त्यांना पिटाळून न लावता घटना कशी घडली ते विचारून घ्यावे.

आपण नेलेल्यांपैकी काही जण दुसऱ्या दिवशी चालत घरी जातील आणि रुग्णालयातले कोणीतरी ‘हा इथे कशाला आणला?’ असे म्हणेल. त्याने खट्टू होऊ नये. १०० सौम्य जखमींपैकी २५ ते ३५ जण ट्रॉमा सेंटरला आले तरी अमेरिकेतली ही संस्था ते स्वीकारार्ह मानते. गंभीर जखमी निसटण्याचे प्रमाण मात्र ५ टक्क्यांच्या आत असावे, असे तिचे लक्ष्य आहे.

निघताना रुग्णालयाला फोन करावा आणि चार गोष्टी याच क्रमाने सांगाव्यात: काय घडले, कोणत्या जखमा आढळल्या, नाडी-श्वास-रक्तदाब-शुद्ध काय आहे, आपण काय केले. शेवटी पोहोचण्याची वेळ सांगावी, म्हणजे ते शल्यचिकित्सकांना बोलावून ठेवतात आणि रक्ताची तयारी करतात. पोहोचल्यावर याच चार गोष्टी पुन्हा मोठ्याने सांगाव्यात, टूर्निके लावल्याची वेळ आणि गोळ्यांची पिशवी हातात द्यावी. दुसऱ्या दिवशी त्या विभागात फोन करून जखमीचे निदान विचारावे, आणि आपल्या वहीत, आदल्या दिवशी आपण बांधलेल्या अंदाजाच्या शेजारी ते लिहून ठेवावे.